भिंतीवरचे हात

सातपूरला कारखान्यात पॉवर प्रेसवर अर्धं आयुष्य काढून दहाची दहा बोटं जागेवर असलेला माणूस आमच्या लाइनीत मी सोडून दुसरा सापडायचा नाय. आता ह्यात माझं कसब काय म्हणाल तर एवढंच, की मी मशीनवर कमी आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जास्त असायचो.

थंडी पडली की मला माझी बोटं आठवतात. बाकी वर्षभर ती असतात आपली हाताला, जसे कान असतात डोक्याला. पण दिवाळीचे कंदील उतरले, द्राक्षाच्या बागांवरनं सकाळी धूर सरकायला लागला, बसमधली निम्मी माणसं मफलरीत गायब झाली, की मी सीटवर बसल्या बसल्या बोटांची उघडझाप करतो. शेजारच्याला वाटतं व्यायाम चाललाय. परवा एकाने विचारलंपण, "काका, वाताचा त्रास का?" मी म्हणलं, "नाय रे, हजेरी घेतोय."

तो हसला. नवीन असणार. जुना असता तर खिडकीबाहेर बघायला लागला असता.

पहिल्या शिफ्टला टपरीवर शेकोटी असते. खोके, चिंध्या, तेल पुसलेलं कापड, जे मिळेल ते जळत असतं आणि वास असा, की चहातपण मशीन लागतं. त्या शेकोटीवर चारी बाजूंनी हात येतात. नुसते हात, तोंडं सगळी मफलरीत. मला हातावरनं माणूस ओळखता येतो. हा अंगठ्याने आणि करंगळीने ग्लास धरणारा, हा तळहातावर ग्लास ठेवणारा, हा दोन्ही हात खिशात घालूनच उभा राहणारा. कोण कुणाला विचारत नाय. फार तर नवीन पोरगं विचारतं, "दादा, हे कसं झालं?" त्याला उत्तर मिळतं, "मशीनला आवडलं, ठेवून घेतलं." सगळे हसतात. त्या हसण्यात मी सगळ्यात पुढे. ज्याचं काहीच गेलेलं नाय त्याला मोठ्याने हसायला काय जातंय?

आणि मग आम्ही आत जातो. थंडीत लोखंड चावतं. रात्रभर गार पडलेल्या मशीनला हात लावला की कळ थेट कोपरापर्यंत. तेल घट्ट झालेलं असतं, पहिले काही ठोके मशीन आळस दिल्यासारखं टाकतं, धप्... धप्... आणि मग सुटतं. मशीन गरम होतं, माणूस होत नाय. बोटं बधिर असतात, ती कुठं आहेत ह्याची खबर ती मालकाला देत नायत. थंडीतच जातात बोटं. हे कुणी कुठं लिहिलेलं नाय, पण आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे.

असल्याच एका थंडीत मी शाळेत शिकवायला गेलो होतो.

हसू नका. मी स्वतःच पुष्कळ हसलोय. सहावीत मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळेला मास्तरांनी मला उठवलं. तेव्हा सातवीच्या वर्गाचा उंबरा मी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला तो मास्तर म्हणूनच. आमच्या कॉलनीतल्या शाळेच्या अहिरे मॅडम शेठकडे आल्या होत्या. सातवीच्या पोरांकडून एखादी वस्तू बनवून घ्यायची आहे, म्हणल्या, खरीखुरी, वापरायची. तर कारखान्यातला एखादा माणूस आठवड्यातनं एक दिवस द्या. शेठने शॉपमधनं, म्हणजे मशीनच्या शेडमधनं, नजर फिरवली. जो गेल्याने कामाचं काहीच नुकसान होणार नाय असा माणूस त्याला पाहिजे होता. "बाळूला न्या," शेठ म्हणला. "तो इथंपण बोलतच असतो."

मॅडम बारीक, आवाज त्याहून बारीक, पण वर्ग असा गप्प की मला वाटलं पोरं आजारी आहेत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: बघा, विचारा, काढा, करा, मोडा, परत करा. मी मागनं म्हणलं, "मॅडम, मोडायचं मला येतं." पोरं हसली. मॅडम हसल्या नायत. "बरं झालं," म्हणल्या, "बाकीचं पोरं तुम्हाला शिकवतील." मला तेव्हा ती गंमत वाटली होती.

त्यांचं म्हणणं असं, की घरातलं कुणीतरी रोज जे काम करतं त्यातली एक अडचण धरायची आणि तिच्यासाठी वस्तू करायची. बाजारात मिळते तशी नाय, त्या माणसाच्या हाताला बसेल तशी. म्हणून पहिला गृहपाठ सोपा. घरी जा, ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याचा हात कागदावर ठेवायला सांगा आणि त्याच्याकडनंच कडेने पेन्सिल फिरवून घ्या. त्या माणसाचा हात, त्याच्याच हाताने काढलेला.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा ते सगळे कागद मागच्या भिंतीवर ओळीने चिकटवलेले होते. मी दारातनंच ओरडलो, "अरे वा, एवढे सगळे मला थांब म्हणतायत का टाटा करतायत?" कुणी हसलं नाय.

मी जवळ गेलो. सातपूरच्या घराघरातनं आलेले हात होते ते. आई, वडील, काका, एखाद्याचा मोठा भाऊ. पेन्सिलीची रेष मनगटापासनं निघायची, अंगठ्याला वळसा, पहिलं बोट, दुसरं बोट... आणि मधेच रेष वर जायच्याऐवजी आखूडच वळायची. एका कागदावर एक बोट निम्मं. एकावर दोन बोटांच्या जागी दोन उंचवटे, जसे रस्त्याला स्पीडब्रेकर. एका पोराने बापाचं नसलेलं बोट तुटक तुटक रेषेने पूर्ण केलं होतं, भूमितीत काढतात तसं. पोरांनी ते हात जन्मल्यापासनं बघितलेले होते. त्याच हातांनी त्यांना आंघोळ घातली होती. पण घरात ते एक एक असतात. भिंतीवर सगळे एकदम होते.

खिडकी उघडी होती. वाऱ्याने ते कागद हलायचे. मी त्या दिवशी भिंतीकडे पाठ करून बसलो, आणि पाठीला सारखं वाटत होतं कुणीतरी हात लावील.

त्या हातांमध्ये एक हात बारका होता, पाचही बोटं नीट, लांबसडक. तो ऋतुजाच्या आईचा. ऋतुजा म्हणजे पहिल्या बाकावरची, दोन वेण्या, बोलणं कमी. तिची आई सुनंदाताई आमच्याच शॉपमध्ये, माझ्याच शेजारच्या प्रेसवर. हरसूलकडच्या. नवरा एका गोडाऊनला वॉचमन. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं उभा राहिलो, त्यांच्या डब्यात आज काय आहे ते मला वासावरनं कळायचं. पण त्यांचा हात मी पहिल्यांदा नीट बघितला तो त्या भिंतीवर.

"काका," ऋतुजा म्हणाली, "आम्ही आईच्या मशीनसाठी करणार. आईचा हात आत जातो."

काय आहे, प्रेसचं काम बघायला गेलं तर येड्याचं काम आहे. आम्ही पत्र्याच्या बोटभर लांबीच्या पट्ट्यांना भोक पाडतो. पट्टी खाली डायच्या साच्यात ठेवायची, बटण दाबायचं, वरनं पंच येतो, धप्, भोक. पट्टी काढायची, दुसरी ठेवायची. दिवसभर तेवढंच. मशीनला बटणं दोन असतात, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही एकदम दाबली तरच पंच खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणावर, आत काही नाय. मशीन बनवणारा हुशार होता.

मॅडम म्हणल्या, पोरांना कारखान्यात नेता यायचं नाय, तुम्ही इथंच करून दाखवा. मग काय, माझ्यातला नट जागा झाला. टेबल म्हणजे मशीन, दोन खडू म्हणजे दोन बटणं, पट्टीच्या जागी खोडरबर, आणि सोहम नावाचं एक दांडगं पोरगं हातात डस्टर धरून वर उभं, तो पंच. मी भाषण सुरू केलं. "हे बघा पोरांनो, सेफ्टी फर्स्ट. पट्टी ठेवायची, दोन्ही हात बाहेर, दोन्ही बटणं दाबायची, मगच..." असं म्हणत मी करत होतो आणि सोहम डस्टर आपटत होता. खडूची धूळ उडत होती. मला जोर चढला. ठेव, दाब, धप्. ठेव, दाब, धप्.

"काका," ऋतुजा म्हणाली, "तुमचा दुसरा हात कुठाय?"

मी खाली बघितलं. तोंड म्हणत होतं दोन बटणं. डाव्या हाताचं एक बोट एका खडूवर होतं. आणि उजवा हात आत, डस्टरखाली, पुढचं खोडरबर सरळ करत होता.

"आणि ते दुसरं बटण कोण दाबतंय?" सोहमने डस्टर वरच धरून विचारलं.

आता काय सांगणार? दुसऱ्या बटणात काडी असते. आगपेटीची काडी मोडून बटणाच्या फटीत अडकवली की ते दाबलेलंच राहतं. मग एक हात मोकळा. एक हात दाबतो, दुसरा भरतो, नग भराभर निघतात. सगळेच करतात. नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी चहा पाजायचा आणि काडी कशी लावायची ते शिकवायचं, हा आमच्याकडचा पाहुणचार. सुनंदाताईंना मीच शिकवलं होतं. माझ्या कानावरची काडी काढून दिली होती, पान दिल्यासारखी.

मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात खरं उत्तर दिलं. म्हणलं, "काडी."

मॅडमनी पोरांना एवढंच सांगितलं, "वापरणारा काय सांगतो ते लिहू नका. तो काय करतो ते लिहा." आणि सगळ्या वर्गाने माझ्याकडे बघून लिहायला घेतलं. पेन्सिलींचा तो खरखर आवाज मला अजून थंडीत ऐकू येतो. पोलीस स्टेशनला जबाब घेतात तसं वाटत होतं.

त्या थंडीत सुनंदाताईंचे हात मला सारखे दिसायला लागले. दिवसातनं वीस वेळा बघायचो. म्हणजे आधी शेजारच्या मशीनचा ठेका असायचा, पंख्याच्या आवाजासारखा, लक्षात न येणारा. आता प्रत्येक धप्ला माझे खांदे आकसायचे. त्यांनी नवऱ्याचे लोकरीचे हातमोजे घालायला सुरुवात केली होती. हिरवे, जाड, रात्रपाळीचे. त्यांच्या बारक्या हातात ते असे लोंबायचे, की बोटांच्या पुढे लोकरीची रिकामी शेंडी.

मी म्हणलं, "ताई, मशीनवर मोजे नका घालू."

"मंग तुम्ही धरा माझी पट्टी," त्या म्हणल्या. "गार लोखंड धरून धरून बोटं माझी नाय राहिली, बाळूभाऊ. कुनाची हायत तेच कळत नाय."

मी म्हणलं, "काडी काढा निदान."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी माझ्या मशीनकडे बघितलं. माझ्या बटणातपण काडी होती. नवी कोरी, गुल शाबूत.

इकडे शाळेत पोरांचं जोरात चाललं होतं. पहिला त्यांनी चिमटा केला, पुठ्ठ्याचा, मग सायकलच्या ब्रेकचा. पट्टी चिमट्यात धरायची आणि आत ठेवायची. मला लय आवडला. मी म्हणलं, झालं, शाळेच्या प्रदर्शनातलं बक्षीस आपलंच. ऋतुजाने तो घरी नेला, आईला ताट आणि चमच्यांवर वापरून दाखवायला लावला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. "आई म्हणती छान हाय. पण तिने दोनदा वापरला आणि ठेवून दिला. हातानेच करायला लागली."

"का?" मॅडमनी विचारलं.

"हळू होतं."

मग मॅडमनी फळ्यावरचं सगळं पुसून एकच ओळ लिहिली: हातापेक्षा भरभर. मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. पोरांना लगेच कळला. काडीला हरवायचं असेल तर तिच्यापेक्षा भरभर काहीतरी द्यायला पाहिजे. नुसतं चांगलं देऊन चालणार नाय. चांगलं तर ते दुसरं बटणपण होतं.

पुठ्ठ्याचे किती तुकडे गेले त्याची गणती नाय. माझं काम कात्री चालवायचं आणि गप्पा मारायचं. शेवटी कुणाला तरी बालवाडीच्या घसरगुंडीवर पोरं बसलेली दिसली. एक खाली पोचलं की मागचं त्याला ढकलतंय, पुढचं उठायच्या आत. ऋतुजा कितीतरी वेळ खिडकीत उभी राहून तेच बघत होती. दुसऱ्या दिवशी तिचा कागद तयार. पट्ट्यांना एक छोटी घसरगुंडी. बाहेरनं पट्टी टाकायची, ती घसरत जाऊन खुंटीला अडून बरोबर पंचाखाली थांबणार. धप्. पुढची पट्टी ढकलली की ती भोक पडलेलीला मागनं बाहेर काढणार. आणि पुढनं सगळी जाळी. हात आत जायला जागाच नाय. जायचं कामच नाय.

मी ते पुठ्ठ्यावर करून बघितलं. खोडरबर सर्रकन गेलं आणि डस्टरखाली जाऊन थांबलं. सोहमने डस्टर आपटला. मग सगळे ओरडलो.

शेठने भंगारातला पत्रा दिला, वर म्हणला, "बाळू, तुला झेपेल का?" मी म्हणलं, "शेठ, सातवीतल्या पोरांचं ड्रॉइंग आहे, त्यात काय झेपायचं?" आणि ते ड्रॉइंग घेऊन मी बघायला लागलो. मला ड्रॉइंग वाचता येत नाय, पण तसं तोंडावर दिसू द्यायचं नसतं एवढं येतं. घसरगुंडी डाव्या बाजूला काढलेली. मी म्हणलं, पोरं ती पोरं. डाव्या बाजूने पट्टी कोण टाकतं? उलटं काढलंय बिचारीने. मी दुरुस्त केलं. मनात म्हणलं, शाळेत सांगायचं नाय, पोरीला वाईट वाटेल. आणि उजव्या बाजूची अशी झकास घसरगुंडी केली, की स्वतःच तिच्यावर बसावंसं वाटलं.

सुनंदाताईंनी ती मशीनला लावून तासभर काम केलं. मग काढली आणि खाली ठेवली, मशीनच्या पायाशी. "हाताला येत नाय, भाऊ." मी म्हणलं, "सवय लागेल." त्या म्हणल्या, "सवय लागेस्तोर दिवस जाईल." काडी परत बटणात. मोजे परत हातात. ऋतुजाने शाळेत विचारलं तर मी म्हणलं, "थोडं फिटिंगचं काम राहिलंय, उद्या बघतो." सातपूरला उद्या हा वार लय वेळा येतो.

तो आठवडा असा गार होता, की शेकोटीला राख जास्त आणि जाळ कमी. सकाळी धुक्यात समोरच्या शेडचा पत्रा दिसायचा नाय, नुसता त्यातनं आवाज यायचा. मला झोप नीट लागायची नाय. बायको म्हणायची, "झोपेत काय धप् धप् करता?" आणि ती घसरगुंडी मशीनच्या पायाशी पडलेली, तिच्यावर तेलाचे थेंब पडून पडून त्यात धूळ बसत चाललेली.

एका सकाळी शेजारचा ठेका थांबला.

एक धप् झाला आणि पुढचा झालाच नाय. एवढंच. मशीनचा मोठा आवाज ऐकायची सवय असते, गप्प बसल्याची नसते. मी वळलो. सुनंदाताई हात पोटाशी धरून उभ्या. तोंड पांढरं. शॉपमधली एक एक मशीन थांबत गेली, लांबनं दिवे विझत यावेत तसं. मी त्यांच्याजवळ गेलो, पण हात पुढे होईना माझा.

त्यांनी मोजा काढायला घेतला. घाईने नाय, एक एक बोट ओढत. अंगठा सुटला. त्या बघत होत्या आणि आम्ही सगळे बघत होतो. पहिलं बोट आलं. मधलं आलं. मोजा गळून पडला आणि हात दिसला. होता तसा. लांबसडक, पूर्ण.

मोज्याच्या पहिल्या बोटाच्या शेंडीला भोक होतं. एकदम गोल, स्वच्छ, आम्ही पट्टीला पाडतो तसलंच. बोट वाचलं, ते त्या शेंडीपर्यंत पोचत नव्हतं म्हणून. मोजा मोठा होता म्हणून. मशीनखालच्या डब्यात लोखंडी टिकल्या पडतात, भोकातनं निघालेल्या. त्यात एक हिरवी होती, लोकरीची. सुनंदाताईंनी ती उचलली, बघितली आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवली, भाकरीवर.

शेठ धावत आला. "काडी कुणी लावली?" म्हणून ओरडला. आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. शेठपण जरा वेळ बघत राहिला. तिथं काय लिहिलंय का बघत असेल.

मी पुढच्या वेळी शाळेत गेलो तर मॅडमच्या टेबलावर तो हिरवा मोजा ठेवलेला. ऋतुजा उभी राहिली. घरी आईने काय सांगितलं, काय नाय, देव जाणे; तिने तो मोजा वर्गाला दाखवला आणि भोकातनं एक बोट बाहेर काढलं. स्वतःचं.

"काका," ती म्हणाली, "घसरगुंडी कुठल्या बाजूला लावलीत?"

मी म्हणलं, "उजव्या. तुझ्या ड्रॉइंगमध्ये उलटी होती, म्हणून मी जरा..."

ती मागच्या भिंतीकडे गेली आणि बोट ठेवलं. सगळे हात एकीकडे तोंड करून होते, अंगठा उजवीकडे. म्हणजे लोकांनी पेन्सिल उजव्या हातात धरून डावा हात काढलेला. एकच हात उलटा होता. बारका, लांबसडक. अंगठा डावीकडे.

"आई डावरी हाय," ऋतुजा म्हणाली.

मी त्या बाईच्या शेजारी वर्षानुवर्षं उभा. डाव्या हाताने पट्टी ठेवायच्या, डाव्या हाताने चहा घ्यायच्या, माझ्यावर वैतागल्या की डावा हात उडवायच्या. पोरांनी कागदावर हात बघितला आणि त्यांना कळलं. मी माणूस बघितला आणि मला नाय कळलं. त्या वेळी एखादा विनोद सुचायला पाहिजे होता. नाय सुचला.

रविवारी शाळेच्या अंगणात मी ती घसरगुंडी परत नव्याने केली. ड्रॉइंग ऋतुजाने स्वतःच्या हातात धरलेलं, मला हात लावू देईना. "तुम्ही फक्त कापा," म्हणाली. सोहम सारखा म्हणत होता, "काका, बोट बाजूला. काका, बोट." पत्रा एवढा गार, की बर्फ कापतोय असं वाटत होतं. उन्हात पोरं गोल करून उभी होती आणि मला सारखं वाटत होतं, की ही पोरं पत्रा बघत नायत, माझे हात बघतायत.

ती लागली. डाव्या बाजूला, जाळीसकट. सुनंदाताईंनी पहिली पट्टी सोडली, सर्रकन गेली. दुसरी. तिसरी. दुपारपर्यंत त्या माझ्या पुढे निघून गेल्या. मधल्या सुट्टीत चहाला आल्या, मोजे काढून, दोन्ही हातांनी ग्लास धरून. म्हणल्या, "पोरीने बरं केलं हो." मी म्हणलं, "आम्ही मिळून केलं." त्यांनी डावा हात उडवला.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस फसफसणाऱ्या ज्वालामुखीला गेलं. पाहुणे आमच्या पुठ्ठ्याच्या मशीनपाशी आले, म्हणले "हे खेळणं काय आहे?" आणि सहज बोट आत घालायला गेले. सगळा सातवीचा वर्ग एका आवाजात ओरडला, "हात बाहेर!" पाहुणे एवढे दचकले, की त्यांचा हार तुटला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज बसमध्ये बोटं मोजत बसलो नसतो. घसरगुंडी एका मशीनला आहे. शेठ म्हणला, बाकीच्यांनापण लावू, उद्या. आठवड्याभरात आगपेट्या परत निघाल्या. आता सुरगाण्याकडनं नवीन पोरं आलीत, लाजरी, कष्टाळू. त्यांना पहिल्या दिवशी चहा मिळतो. काडी कोण शिकवतं ते मी बघत नाय, मी छताकडे बघतो. परवा शेकोटीवर एक नवा हात दिसला, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. कुणी विचारलं नाय. मीपण नाय विचारलं. चहा गार होईस्तोवर धरून बसलो.

गेल्या आठवड्यात अहिरे मॅडमनी परत बोलावलं. नवी सातवी. भिंत परत भरलेली, कागद वाऱ्याने हलतायत. ऋतुजा आता नववीत आहे, मॅडमना मदत करायला आलेली, वेणी एकच. मी माझं भाषण ठोकलं. घसरगुंडी कशी केली, मोजा, हिरवी टिकली, सगळं. शेवटी दोन्ही हात वर केले, दहा बोटं पसरली. "बघा," म्हणलं, "सातपूरमधलं आश्चर्य." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझाही हात काढायला घेतला. मी कागदावर हात ठेवला, एक पोरगी कडेने पेन्सिल फिरवायला लागली, गुदगुल्या होत होत्या.

"काका," ऋतुजाने विचारलं, "तुमच्या मशीनची काडी काढली का?"

"अगं, मला सवय आहे," मी म्हणलं. "काडी काढली तर माझं मशीन मला ओळखायचं नाय!"

पोरं खळखळून हसली. ऋतुजा नाय हसली. त्या पेन्सिलवाल्या पोरीकडे वळून म्हणाली, "पेन्सिलीने नको काढू, पुसलं जाईल. पेनाने काढ आणि वर तारीख टाक. पुढच्या थंडीत काकांचा हात ताडून बघायला लागेल."